मागचा दिवा

दिवाळी अंकाचा लेख पाठवा, असा संपादकांचा निरोप आला की आता दिव्यांवर लिहिणे भाग आहे, अशी माझी पहिली समजूत होते. एरवी वर्षभर या पानावर मी लग्नपत्रिकांतील भाषा, सोसायटीच्या सभा, परीक्षेच्या उत्तरपत्रिका अशा किरकोळ विषयांवर कागद खर्ची घालतो आणि तुम्ही वाचकही ते निमूटपणे चालवून घेता. पण दिवाळीला पणती, समई, नाही तर आकाशकंदील यांपैकी काहीतरी पाजळल्याखेरीज मराठीचा प्राध्यापक शोभत नाही! तेव्हा यंदाही मी दिव्यावरच लिहिणार आहे. मात्र हा दिवा तुळशीपुढचा नाही, देवघरातलाही नाही. तो सायकलच्या मागच्या मडगार्डावर असतो. म्हणजे असायला हवा.

गोष्ट गेल्या दिवाळीतली. आमचे चिरंजीव त्या वर्षी नववीत गेले आणि क्लासला जायला म्हणून त्यांना सायकल मिळाली. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते, हे वाक्य आमच्या घरात माझे वडील अण्णा यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकू येते की, सायकल घेणे ही आम्हांला खरेदी वाटली नाही, घराण्याची परंपरा वाटली. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी आणि चिरंजीव दिव्यांच्या माळा आणायला तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतली ही गल्ली दिवाळीच्या सुमारास ज्याने पाहिली आहे, त्याला वेगळे वर्णन नको. आणि ज्याने पाहिली नाही, त्याला सांगून खरे वाटायचे नाही. मी गॅलरीसाठी दोन माळा घेतल्या. चिरंजीवांनी साठवलेल्या पैशांतून स्वतःसाठी एक पुडके घेतले. आत काय आहे ते विचारल्यावर ‘गंमत आहे’ एवढेच उत्तर मिळाले. मुलांच्या गमतीची आपण फार चौकशी करू नये, असे मी त्या वेळी एक सुज्ञ पालक या नात्याने ठरवले. सुज्ञपणाची किंमत दुसऱ्याच दिवशी मोजावी लागली.

वसुबारसेच्या रात्री साडेसातच्या सुमारास मी गिरणीतून चकलीची भाजणी घेऊन स्कूटरवरून परत येत होतो. डबा पायांशी ठेवला होता. सोसायटीच्या मागच्या रस्त्यावरचा दिवा गेले पंधरा दिवस लागत नव्हता. डाव्या हाताला मोटारी उभ्या करण्याची आमच्याकडे रीत आहे. त्यामुळे तिथे समोरून कोणी येत असेल तर आपण थांबायचे, आणि कोणी आपल्याच दिशेने पुढे चालला असेल तर त्याच्या मागोमाग मोटारींना वळसा घालून निघायचे, असा अलिखित करार आहे. मला समोर एक लाल दिवा दिसला. लाल दिवा म्हणजे पाठ. कोणीतरी पुढे चालला आहे, असे समजून मी निर्धास्तपणे उजवीकडे घेतले.

दिवा दूर जाईना. तो वाढू लागला. जे वाहन माझ्यापुढे चालले आहे, ते माझ्या अंगावर कसे येते, हे समजायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ते आलेच. ब्रेक, घंटी, ‘बाबा!’ अशी किंकाळी, असे सगळे एकदम झाले. सायकलचे हँडल माझ्या आरशाला घासून गेले, भाजणीचा डबा कलंडला आणि चिरंजीव समोरच्या मोटारीला टेकून उभे राहिले. कोपर खरचटले होते. आणखी वीतभर इकडे झाले असते, तर काय झाले असते, ते त्या क्षणी आम्हां दोघांनाही कळले होते. म्हणूनच आम्ही बराच वेळ एकमेकांशी काही बोललो नाही. सांडलेली भाजणी तेवढी दोघांनी मिळून भरली.

घराच्या उजेडात ती ‘गंमत’ पाहिली. पुढे हँडलला लाल आणि निळा असा आळीपाळीने लुकलुकणारा दिवा. मागे एक हिरवा आणि एक पांढरा. दोन्ही चाकांच्या तारांत सप्तरंगी माळ. सायकल उभी होती तोवर खरोखरच सुंदर दिसत होती. गणपतीपुढे आरास म्हणून ठेवली असती, तर पहिले बक्षीस मिळाले असते. रस्त्यावर मात्र तिने आपल्या बापाला चकवले होते.

जेवण झाल्यावर परिषद भरली. अध्यक्षस्थानी अण्णा. फिर्यादी मी. आरोपीने बचावाचे पहिलेच वाक्य असे टाकले की मी गारच पडलो. “बाबा, सायकलला लाल दिवा पुढे लावू नये असं कुठं लिहिलंय?”

प्राध्यापकाला ‘कुठे लिहिले आहे’ असे विचारणे म्हणजे त्याच्या वर्मावर बोट ठेवणे. मी दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीला, लोक सोने घेत होते तेव्हा कायद्याची पुस्तके चाळीत बसलो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०८ क्रमांकाचा नियम सापडला: काही अपवाद सोडले तर कोणत्याही मोटार वाहनाने पुढच्या बाजूस लाल दिवा दाखवू नये आणि मागच्या बाजूस लालखेरीज दुसरा दाखवू नये. मी विजयी मुद्रेने तो वाचून दाखवला. चिरंजीव म्हणाले, “पण सायकलला मोटार कुठं आहे?” मुद्दा बरोबर होता. पायाने चालणारी सायकल त्या कायद्याच्या लेखी मोटार वाहन नाही. मग मी १९५१ च्या पोलीस कायद्याकडे वळलो. तेव्हा त्याचे नाव मुंबई पोलीस कायदा होते, आता त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. रस्त्यावरील वाहनांना दिवे किती असावेत, कोठे असावेत आणि कोणत्या वेळात लावावेत, याचे नियम करण्याचा अधिकार त्याच्या ३३ व्या कलमात पोलिसांच्या वरिष्ठांना दिला आहे. तिथे मोटारीची अट नाही. वाहन म्हणजे वाहन.

“म्हणूनच आम्हांला पकडायचे!” अण्णा एकदम खुलले. त्यांच्या तरुणपणी, म्हणजे १९६० नंतरच्या काही वर्षांत, रात्री बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट हे दोन मोठे गुन्हे समजले जात. भाड्याच्या सायकलीला रॉकेलची छोटी बत्ती मिळे. ती वाऱ्याने विझे, किंवा रॉकेल वाचवण्यासाठी विझवलेली असे. कोपऱ्यावर हवालदार दिसला की टुणकन खाली उतरायचे आणि सायकल हातात धरून चालू लागायचे. चालणाऱ्याला दिवा लागत नाही! एकदा अण्णांना उतरायला उशीर झाला. “आत्ताच विझला हो,” असे त्यांनी सांगितले. हवालदाराने काही न बोलता दिव्याच्या टोपणावर बोट टेकवले. टोपण थंडगार होते. “न्यायाधीशाला जे साधत नाही ते त्या बोटाने साधलं,” असे सांगून अण्णा अजून हसतात.

पण चिरंजीवांचे समाधान होईना. दिवा हवा हे त्यांना मान्य होते. त्यांच्याकडे तर एकाच्या जागी सहा होते. प्रश्न रंगाचा होता. लालच मागे का? हिरवा का नाही?

येथे सौ. मैदानात उतरल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवतात, त्यामुळे आमच्या घरात शेवटचा शब्द व्याकरणाचा कधीच नसतो. त्यांनी त्याला संध्याकाळी खाली नेले आणि कुंपणाजवळची जास्वंद दाखवली. दिवसा लालभडक दिसणारे फूल तिन्हीसांजेला आधी काळे पडते. पाने मात्र त्यानंतरही बराच वेळ हिरवट-करडी दिसत राहतात. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने फुलांवरूनच ही गोष्ट टिपून ठेवली होती आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. डोळ्यांत दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशींना रंग कळतात, पण त्यांना उजेड लागतो. दंडाच्या आकाराच्या पेशी अंधुक प्रकाशात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत आणि लाल प्रकाश तर जवळजवळ जाणवतच नाही. “याचे दोन अर्थ,” सौ. म्हणाल्या. “एक, रात्री लाल शर्ट घालून सायकल चालवलीस तर तू काळा शर्ट घातल्यासारखाच. पांढरा नाही तर पिवळा घाल. आणि दुसरा, दिव्याचा लाल प्रकाश तसा नाही. तो स्वतः पेटलेला असतो, म्हणून लांबून दिसतो. आणि मागून येणाऱ्याचे अंधाराला सरावलेले डोळे तो दिपवीत नाही. पांढरा दिवा मागे लावलास तर मागच्याचे डोळेच दिपतील आणि त्याला खड्डा दिसणार नाही.”

मला हे सगळे पटले, तरी माझ्या मते खरे कारण निराळे आहे आणि ते व्याकरणाचे आहे. सौ. ऐकणार नाहीत, म्हणून इथे सांगतो. ‘रामाने रावणाला मारले’ या वाक्यात शब्दांची जागा हवी तशी बदला; ‘रावणाला रामाने मारले’ म्हणा, ‘मारले रावणाला रामाने’ म्हणा; मारणारा रामच राहतो. कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय ज्याला चिकटायचे त्यालाच चिकटले आहेत. पण नुसते प्रत्यय बदलून ‘रामाला रावणाने मारले’ असे म्हणा, की सगळे रामायण उलटे झाले! अंधाऱ्या रस्त्यावर वाहन दिसतच नाही, फक्त प्रत्यय दिसतात. पांढरा म्हणजे ‘येतो’, लाल म्हणजे ‘जातो’. एवढ्या दोन प्रत्ययांवर रात्रीच्या रस्त्याची सगळी वाक्यरचना उभी आहे. माझ्या चिरंजीवांनी ‘येतो’च्या जागी ‘जातो’ लिहिले आणि मी ते जसे लिहिले होते तसे वाचले. चूक वाचकाची नव्हती.

हे व्याकरण एकट्या पुण्याचे नाही. १९६८ साली व्हिएन्ना येथे रस्त्यावरील वाहतुकीविषयी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात सायकललाही तोच नियम आहे: पुढे पांढरा किंवा पिवळसर, मागे लाल, शिवाय मागे लाल रिफ्लेक्टर. जो माणूस आज इथे आणि उद्या परमुलखात सायकल चालवील, त्याला भाषा बदलावी लागेल. दिवे बदलावे लागणार नाहीत. उरलेले रंगही मोकळे नाहीत. निळा आणि लाल मिळून लुकलुकणारा दिवा म्हणजे पोलीस, अग्निशामक बंब, रुग्णवाहिका. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या आणि मोठ्या अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले आणि असले दिवे तातडीच्या सेवांपुरते राहिले. “मंत्र्यांना जो मिळत नाही, तो तू हँडलला लावून क्लासला जातोस होय रे?” असे अण्णांनी विचारल्यावर चिरंजीव प्रथमच थोडे वरमले. हिरवा चौकातल्या सिग्नलचा आहे. पिवळा वळणाऱ्या वाहनाचा आहे. रस्ता ही एक बोलकी सभा आहे आणि तिथे प्रत्येक रंगाला अर्थ अगोदरच देऊन ठेवलेला आहे. आपण नुसती शोभा म्हणून रंग उधळले, तर ते शोभा राहत नाहीत; ते शब्द होतात, आणि आपण भलतेच काहीतरी बोलून जातो.

राहता राहिला लुकलुकण्याचा प्रश्न. माझा भाचा जर्मनीत स्टुटगार्टला असतो. लक्ष्मीपूजनाला त्याचा फोन आला तेव्हा चिरंजीवांनी तो प्रश्न त्याच्यापुढे टाकला. तिथे सायकलचा मुख्य दिवा लुकलुकता चालतच नाही, स्थिरच हवा. आणि दिवाही त्यांच्या सरकारची मान्यतेची खूण असलेलाच हवा. २०१३ पर्यंत तर सामान्य सायकलला डायनॅमोचीच सक्ती होती, बॅटरीचा दिवा चालत नसे. उलट इंग्लंडमध्ये २००५ पासून सायकलला लुकलुकत्या दिव्यांची परवानगी आहे, मात्र मिनिटाला ६० ते २४० या वेगाने. दोघांचे म्हणणे आपापल्या परीने खरे आहे. लुकलुकणारा दिवा चटकन लक्ष वेधतो. पण तो किती लांब आहे आणि कोणत्या वेगाने येतो आहे, याचा अंदाज स्थिर दिव्यावरून अधिक चांगला येतो. लक्ष वेधून घेणे वेगळे आणि स्वतःचा पत्ता सांगणे वेगळे. कॉलेजातल्या वर्गातही मला हा फरक रोज दिसतो.

अखेर तह झाला. पुढे स्थिर पांढरा दिवा. तोही जरा खाली कललेला, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत. मागे स्थिर लाल. त्याखाली लाल रिफ्लेक्टर, कारण दिव्याची बॅटरी संपली तरी रिफ्लेक्टर संपत नाही. मात्र त्याच्याजवळ स्वतःचे भांडवल नसते. मागच्या गाडीचा प्रकाश त्याच्यावर पडला तरच तो उजळतो, म्हणून दिव्याची जागा त्याला देता येत नाही. २०२० साली केंद्र सरकारने या रिफ्लेक्टरांच्या दर्जासाठी वेगळा आदेशच काढला. पेडलांना पिवळे तुकडे होतेच. ते काढून फेकू नका, असे मी सर्व पालकांना सांगेन. अंधारात आळीपाळीने वर-खाली होणारे दोन पिवळे ठिपके म्हणजे सायकलच, दुसरे काही असूच शकत नाही. आणि चिरंजीवांच्या हौसेचे काय? हौस बाजूला गेली, म्हणजे अक्षरशः बाजूला! चाकांच्या तारांतली सप्तरंगी माळ उतरवून तिथे एकाच पिवळ्या रंगाची लावली. ती पुढून-मागून फारशी दिसत नाही. आडव्या रस्त्याने येणाऱ्याला मात्र दोन सोन्याची वर्तुळे पळताना दिसतात. कायद्याने तक्रार करण्याजोगे त्यात मला काही आढळले नाही, आणि दिवाळीने तक्रार करण्याजोगेही नाही.

इथे हा लेख संपायला हरकत नव्हती. मीही पाडव्याच्या रात्री पाहुण्यांना फाटकाशी निरोप देताना हे सगळे शास्त्र त्यांना ऐकवून मोकळा झालो होतो. पाहुणे गेले. आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका खुर्चीवर बसून ऐकत होते. ते लातूरकडचे. दोन-तीन वेळा त्यांनी मान हलवली आणि मग अगदी अदबीने म्हणाले,

“सर, राग मानू नका. तुमच्या गाडीचा मागचा लाल लागत न्हाई बघा.”

“कधीपासून?”

“गणपतीपासनं.”

मी स्कूटर सुरू केली, मागे जाऊन पाहिले. काळोख. ज्या नियम १०८ चे मी धनत्रयोदशीपासून पारायण चालवले होते, तो सायकलला लागू नव्हता, पण मला होता! दोन महिने मी पुण्याच्या रस्त्यांवर रात्री शब्दच न बोलता हिंडत होतो. चिरंजीव गॅलरीतून पाहत होते. ते काही बोलले नाहीत, हे त्यांच्या आईचे संस्कार.

“काका, तुम्ही सांगितलं का नाही?”

“म्हटलं, सरांना ठावं असंल.”

कसे ठाऊक असणार? तेव्हा माझ्या ध्यानात आले की, मागचा दिवा आपल्याला स्वतःला कधीच दिसत नाही. पुढचा दिवा आपण आपल्या सोयीसाठी लावतो. तो गेला की दहा पावलांत कळते. मागचा गेला तर वर्षभर कळत नाही. तो लावायचा आपण, पण त्याचा उपयोग सगळा दुसऱ्याला. आणि तो विझल्याचे सांगायचेही दुसऱ्यानेच. वॉचमनकाकांनी सांगायचे मनावर घेतले, म्हणून मला कळले.

“तुमचं बरं लक्ष असतं,” मी म्हणालो.

“लक्ष ठेवावंच लागतंय सर. माझ्या सायकलला दिवा न्हाई. धायरीहून येताना सिंहगड रोडला कुणाचा तरी मागचा लाल गाठायचा आणि त्याच्या मागं मागं यायचं. त्यो खड्डा चुकवतो तिथं आपणबी चुकवायचं. लाल नसला की मग पंचाईत.”

रोज रात्री आठाच्या पाळीसाठी हा साठीचा गृहस्थ बिनदिव्याच्या सायकलवरून, अनोळखी माणसांच्या लाल दिव्यांचा माग काढीत, आमच्या घरांची राखण करायला येत होता. त्याच्या मागून येणाऱ्याला मात्र तो दिसत नव्हता. आणि आम्ही चार दिवस चाकांतल्या माळेचा रंग कोणता असावा, यावर परिषदा भरवीत होतो. रात्रीच्या रस्त्यावर सायकल कोण चालवते, असा प्रश्न मी तोवर स्वतःला विचारलाच नव्हता. क्लासला जाणारी मुले साडेआठला घरी येतात. त्यानंतर आणि पहाटेपूर्वी सायकलवर असतात ते वॉचमन, हॉटेलातली पोरे, पेपर टाकणारे, दूध घालणारे. दिव्याची गरज त्यांना, आणि दिव्यांची हौस आम्हांला.

मी वर येऊन हे सांगितले. अण्णा काही वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “माळ्यावर माझा डायनॅमो असेल.”

तो होता. एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात, १९७० च्या सुमाराच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. बाटलीच्या आकाराचा डायनॅमो, त्याचा दांडीला बसवायचा पट्टा, पुढचा गोल दिवा, मागचा लिंबाएवढा लाल. भाऊबीजेच्या दिवशी सकाळी आजोबा आणि नातू गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसले. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने कुठल्याशा जुन्या डब्यातून दोन बल्ब शोधून दिले आणि पैसे घ्यायला नकार दिला. जगभर या डायनॅमोंचे नेहमीचे माप ६ व्होल्ट आणि ३ वॅट असते. त्यांतले २.४ वॅट पुढच्या दिव्याला आणि उरलेले ०.६ मागच्याला, असे अण्णांनी समजावून सांगितले. मी हिशेब केला: स्वतःसाठी चार भाग आणि दुसऱ्यासाठी एक भाग. दानधर्माचे हे प्रमाण माणसाला पेलण्याजोगे आहे! आणखी एक गोष्ट अण्णांनी सांगितली, ती मी विसरणार नाही. पुढचा बल्ब उडाला आणि आपण तसेच दामटत राहिलो, की सगळा जोर मागच्या एवढ्याशा बल्बवर येतो आणि थोड्याच वेळात तोही उडतो. म्हणजे जो स्वतःपुरता उजेड सांभाळत नाही, तो दुसऱ्यासाठी ठेवलेलाही घालवतो.

दुपारी चिरंजीवांनी वॉचमनकाकांच्या काळ्या सायकलला तो सगळा संसार बसवला. मागे लाल रिफ्लेक्टरही लावला, कारण डायनॅमोला एक खोड असते: चाक फिरते तोवरच तो वीज देतो. सिग्नलला थांबलो की सायकल अंधारात. तेवढ्या वेळेपुरता रिफ्लेक्टर. काकांनी दोन-तीनदा “कशाला, कशाला” म्हटले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी पुढच्या दिव्याची काच पुसली.

त्या दिवशी त्यांनी संध्याकाळची रजा घेतली होती. हडपसरला बहिणीकडे ओवाळून घ्यायला जायचे होते. सातच्या सुमारास अंधार पडल्यावर ते निघाले. आम्ही सगळे फाटकाशी उभे होतो. चाकाला डायनॅमो टेकला, ती ओळखीची घरघर सुरू झाली आणि पुढे रस्त्यावर पिवळसर प्रकाशाचे वर्तुळ पडले. अण्णांनी डोळे मिटून ती घरघर ऐकली.

थोडे पुढे गेल्यावर काकांनी मान वळवून मागे पाहण्याचा प्रयत्न केला. पण ते साधेना. थांबून पाहावे, तर थांबल्यावर दिवा विझणार. शेवटी त्यांनी सायकल चालवता चालवताच ओरडून विचारले,

“सर, मागचा लागलाय का बघा! मला काय दिसत न्हाई!”

“लागलाय!” मी ओरडून सांगितले. चिरंजीवांनीही सांगितले.

ते कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही पाहत होतो. मग मी स्कूटरचा नवा बल्ब बसवायला घेतला, आणि चिरंजीवांना मागे उभे केले.